‘पलंगावरून पडलं’: तान्ह्या बाळांच्या डोक्याची इजा आणि न विचारले जाणारे प्रश्न

वारणाकाठ

मागे इथे ‘बाळ पलंगावरून पडलं, काय करू?’ असा धागा आला होता. बहुतेकांनी ‘मुलं पडतातच, काही होत नाही’ असा धीर दिला. बव्हंशी ते खरं आहे. पलंग, दिवाण, खाट यांवरून पडलेल्या बाळाला टेंगूळ येतं, क्वचित कवटीला सरळ रेषेत बारीक तडा जातो आणि तोही आपला आपण भरून येतो. दीड मीटरच्या आतल्या पडण्याने लहान मूल दगावण्याचं प्रमाण २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दहा लाख मुलांमागे वर्षाला अर्ध्याहूनही कमी निघालं होतं.

म्हणूनच उलट्या बाजूने विचार करावा लागतो. ‘पलंगावरून पडलं’ म्हणून आणलेलं बाळ बेशुद्ध असेल, त्याला झटके येत असतील, मेंदूभोवती रक्त साचलेलं असेल, तर हकीकत आणि इजा यांचा मेळ बसत नाही. हा धागा त्याबद्दल आहे. मोठ्या माणसाने जोरात हलवल्याने, आपटल्याने किंवा दोन्हीने तान्ह्या बाळाच्या डोक्याला होणारी इजा. मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. या विषयावर मराठीत फारसं कोणी बोलत नाही आणि कुणी काढलाच तर ‘आपल्याकडे असलं काही होत नाही’ म्हणून विषय मिटतो.

होतं. एक उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चार महिन्यांचा मुलगा, दुसऱ्या दवाखान्यातून ‘गॅस्ट्रो’ अशी चिठ्ठी घेऊन आला. उलट्या भरपूर, जुलाब मात्र एकही नाही. बाळ पांढरंफटक, किरकिरं, मध्येच शून्यात बघणारं. आमच्या सिस्टरनी वजन घेताना सवयीने डोक्याला टेप लावली आणि लसीच्या कार्डावरचा मागचा आकडा काढला. पहिल्या तीन महिन्यांत डोक्याचा घेर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत एक. या बाळाचा महिन्याभरात साडेतीनने वाढला होता. उभं धरून, शांत असतानाही टाळू हाताला ताणलेली लागत होती. हिमोग्लोबिन सात, म्हणजे फारच कमी. मेंदूज्वराच्या शंकेने आधीच्या ठिकाणी पाठीतलं पाणी काढलं होतं. ते लालसर आलं, तर ‘सुई शिरेला लागली असेल’ म्हणून सोडून दिलेलं. उजवा कान पुढे वाकवून बघितला तर पाळीच्या मागे पिवळट पडत चाललेला डाग. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना आवरणाखाली रक्त.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीचं स्पष्टीकरण आहे. एकत्र मांडल्यावर नाही.

आत नेमकं काय होतं ते थोडक्यात. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कच्ची, मेंदू पाणीदार. छातीशी धरून जोरजोरात हलवलं की डोकं नुसतं मागेपुढे होत नाही, गोलाकार फेकलं जातं. कवटी आणि मेंदू एका गतीने फिरत नाहीत. मेंदूवरून वरच्या मोठ्या शिरेकडे जाणाऱ्या नाजूक जोडशिरा तुटतात आणि आवरणाखाली रक्त उतरतं. बऱ्याचदा हे रक्त अगदी पातळ थरासारखं असतं. खरा घात दुसरीकडे होतो. मानेच्या वरच्या भागाला आणि मेंदूच्या देठाला हिसका बसून श्वास थांबतो, मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि तो सुजतो. म्हणून स्कॅनवर ‘थोडंसंच रक्त आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नये. रुग्णालयात पोचलेल्या अशा बाळांपैकी साधारण चारातलं एक जातं. वाचतात त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना झटके, अंधुक दृष्टी, हातापायांतला ताठरपणा, शिकण्यातल्या अडचणी यांपैकी काहीतरी उरतं.

आणि हे निदान हुकतं. १९९९ साली अमेरिकेत अशा १७३ मुलांच्या नोंदी मागे जाऊन तपासल्या, तर ५४ मुलांचं निदान आधी हुकलं होतं. कुणाला पोटाचा विकार ठरवलेलं, कुणाला साधा ताप. आईबाप एकत्र राहणारे, घर ‘चांगलं’ दिसणारं, तिथे हुकण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्याकडे हा आकडा कुणी काढला तर वेगळा निघेल असं मला वाटत नाही. डॉक्टर ओळखीच्या, सुशिक्षित कुटुंबाला अवघड प्रश्न विचारायला लाजतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठ्या इजेच्या आधी लहान इजा झालेली असते. २०१३ च्या एका अभ्यासात, छळ झाल्याचं निश्चित झालेल्या २०० तान्ह्या बाळांपैकी २७.५ टक्क्यांच्या अंगावर आधी कधीतरी काळानिळा डाग किंवा तोंडातली जखम कुणीतरी पाहिली होती. जे बाळ पालथं पडत नाही, रांगत नाही, धरून उभं राहत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग येण्याचं कारणच नसतं. पाच महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठेही डाग, चार वर्षांखालच्या मुलाला पोट-पाठ-छाती, कान किंवा मान इथे डाग, वरचा ओठ हिरडीला जोडणारी बारीक पट्टी फाटलेली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त, जबड्याच्या कोपऱ्यावर किंवा गालाच्या मऊ भागावर वळ. यातलं काही दिसलं की थांबा आणि विचारा. गुडघ्या-नडगीवरच्या डागांसाठी चालत्या मुलाच्या आईला छळू नका.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

———

शेवग्याची_शेंग

वाचून पोटात गोळा आला. माझी लेक आठ आठवड्यांची आहे. दिवेलागणीला रडायला सुरुवात करते ते दहापर्यंत. ग्राइप वॉटर झालं, पोटावर हिंगाचा लेप झाला, दृष्ट काढून झाली. नवरा खांद्यावर घेऊन येरझारा घालतो, कधी मांडीवर जरा जोरात हलवतो. झोळीही बांधलीय. यातलं काही धोक्याचं आहे का?

आणि खरं सांगू, परवा रात्री तिला गादीवर टाकून द्यावंसं वाटलं मला. घरात कुणाला बोलले नाही.

———

वारणाकाठ

@शेवग्याची_शेंग, बरं केलंत लिहिलंत ते.

मांडीवर खेळवणं, झोळी, रिक्षातले धक्के, स्पीडब्रेकर यांनी ही इजा होत नाही. ज्या हलवण्याने होते ते बघणाऱ्याला पाहताक्षणी समजतं की हे बाळाच्या जिवावर उठलेत. झोळीचा धोका वेगळा आहे, पडण्याचा. हूक, दोरी आणि कापडाची गाठ रोज बघा, खाली जमिनीपासून फार उंच नको.

रडण्याचं म्हणाल तर साधारण दुसऱ्या आठवड्यापासून ते वाढत जातं, दुसऱ्या महिन्यात कळस गाठतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत उतरतं. निरोगी बाळं अशी रडतात, बहुतेक संध्याकाळीच आणि कशानेच थांबत नाहीत. ताप नाही, दूध नीट पितेय, वजन वाढतंय, टाळू सपाट आहे, उलटी हिरवी नाही, एवढं एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या. मग रडणं थांबवणं ही तुमची जबाबदारी राहत नाही.

डोकं फिरल्यासारखं झालं की तिला पाळण्यात उताणी ठेवा, दार ओढून घ्या आणि दहा मिनिटं गॅलरीत जाऊन बसा. रडून बाळाला काही होत नाही. हे नवऱ्यालाही सांगा, कारण परदेशातल्या नोंदींत अशी इजा करणाऱ्यांत बाप आणि आईचा जोडीदार सगळ्यात पुढे असतात. आपल्याकडे एक गोष्ट हमखास दिसते. मालिशवाली, माहेरची माणसं, डिंकाचे लाडू घेऊन येणारी मावशी, सगळी मदत सव्वा महिन्याला संपते आणि रडण्याचा कळस नेमका त्यानंतरच येतो. बारशाला पंचवीस माणसं येतात, आठव्या आठवड्यात रात्री नऊला कुणी नसतं. मदत मागायचीच असेल तर त्या काळासाठी मागून ठेवा.

‘टाकून द्यावंसं वाटलं’ असे विचार परत परत येत असतील, संधी मिळूनही झोप लागत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांशी बोला किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन करा. मराठीत बोलता येतं.

———

पिंपळपान

+१. मुलगा झाला तेव्हा आम्ही बॉस्टनजवळ होतो. डिस्चार्जच्या आधी हॉस्पिटलने दोघांना बसवून रडण्यावरचा छोटा व्हिडिओ दाखवला आणि सही घेतली. तेव्हा हसू आलं होतं. सातव्या आठवड्यात तोच व्हिडिओ आठवायचा.

यावर काम बरंच झालंय तिकडे. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात १९९८ च्या डिसेंबरपासून प्रसूतिगृहांत अशी माहिती द्यायला लागले, तर पुढच्या काही वर्षांत अशा इजा जवळपास निम्म्यावर आल्या. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात ३५ टक्के घट नोंदली. पेनसिल्व्हेनियात मात्र तेच करून आकडा हलला नाही. म्हणजे जादूची कांडी नाही, पण खर्च तरी काय, दहा मिनिटांचा.

———

नाशिकची_आजी

डॉक्टरसाहेब, तुमचं लिखाण वाचलं. पण मला एक सांगा, एकत्र कुटुंबात कुठला बाप असं करील? ही दोघा-तिघांच्या घरांतली, तिकडची थेरं. आमच्या वेळी बाळ रडलं की दहा हात पुढे यायचे.

दुसरं. आमची न्हाऊ घालणारी बाई मालिश झाली की बाळाला दोन्ही पाय धरून उलटं लोंबकळवायची, ‘मणका मोकळा होतो’ म्हणे. माझी पाचही मुलं अशीच वाढली. आता सुनेने बंद करायला लावलं. हे चुकीचं होतं का?

———

वारणाकाठ

@नाशिकची_आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. तेल, हलक्या हाताने चोळणं, कोमट पाणी, सगळं चालू द्या. उलटं धरणं, झुलवणं, हवेत उडवून झेलणं, टाळू दाबणं, यातून फायदा काही नाही आणि तेलकट हातातून बाळ निसटलं तर थेट न्हाणीतल्या फरशीवर. पाच मुलं सुखरूप वाढली याचा आनंदच आहे.

दहा हातांचं म्हणाल तर मान्य. पण एकत्र कुटुंबात अजून एक होतं. काही घडलं तर दहा तोंडं एकच हकीकत सांगतात.

———

गवती_चहा

@नाशिकची_आजी, ‘तिकडची थेरं’ नाहीत हो. २०१२ च्या जानेवारीत दिल्लीत एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये दोन वर्षांची मुलगी आणली होती, डोक्याला मार, अंगावर चावल्याच्या खुणा. मार्चमध्ये ती गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेंगळुरूला तीन महिन्यांची मुलगी, आरोप बापावर, कारण काय तर मुलगी झाली. आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या खारघरच्या पाळणाघरातलं सीसीटीव्ही चित्रण सगळ्या वाहिन्यांवर होतं. दहा महिन्यांच्या बाळाला सांभाळणारी बाई मारतेय, आपटतेय. माझी मुलगी तेव्हा पाळणाघरात जायची. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांनी रजा टाकल्या होत्या.

———

संपादक

दोन प्रतिसादांतली मुलांची नावं आणि एका हॉस्पिटलचं नाव काढलं आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. स्वतःचे अनुभव लिहिताना गाव, शाळा, दवाखाना यांची नावं टाळा.

———

सातवी_बरगडी

मी रेडिऑलॉजिस्ट. तालुक्याच्या ठिकाणी नेहमी होणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण वारणाकाठ सभ्य माणूस आहे, तो म्हणणार नाही.

एक, टाळूतून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे रक्तस्राव नाही असं नव्हे. कवटीच्या कडेचा, वरच्या वळणावरचा पातळ थर तिच्यात सहज निसटतो. अशा बाळाला आधी साधा, डाय न देता सीटी स्कॅन. तो काही मिनिटांत होतो. बाळ स्थिरावल्यावर मेंदूचा आणि मानेचाही एमआरआय. मानेचा विसरतात लोक.

दोन, ‘बेबीग्राम’ बंद करा. एकाच फिल्मवर अख्खं बाळ घेतलं की धड काहीच दिसत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला संशय असेल तर प्रत्येक हातपाय, छाती तिरक्या बाजूंसकट, पाठ, कवटी, पंजे, पावलं, सगळ्याचे स्वतंत्र एक्स-रे लागतात. आणि दोन आठवड्यांनी परत. बरगडीचा ताजा तडा दिसत नाही, हाड जुळायला लागून गाठ आली की ठळक दिसतो. मणक्याजवळ, मागच्या बाजूला मोडलेल्या बरगड्या म्हणजे छाती दोन्ही हातांत आवळली गेल्याची खूण. छाती दाबून जीव वाचवायचा प्रयत्न केला म्हणून मागच्या बरगड्या सहसा मोडत नाहीत.

तीन, पोलीस विचारतात ‘रक्त किती दिवसांचं?’ तारीख सांगायच्या फंदात पडू नका. सीटीत पांढरं म्हणजे ताजं, काळपट म्हणजे जुनं हा ठोकताळा तान्ह्या बाळात फसतो. आवरण फाटून मेंदूभोवतीचं पाणी रक्तात मिसळलं तरी दोन छटा दिसतात. ‘दोन वेळा मार लागला’ असं त्यावरून लिहून दिलं की कोर्टात आपली अब्रू आणि कुणाचं तरी आयुष्य, दोन्ही जातं.

अवांतर: कवटीचा सांधा आणि तडा यांत गोंधळ असेल तर सीटीचं त्रिमितीय चित्र बनवून मागा. जास्तीचा स्कॅन लागत नाही.

———

निळा_पतंग

मी लीड्सला असतो. डॉक्टर नाही, पण इथल्या वर्तमानपत्रांत हा विषय वर्षानुवर्षं वाचलाय आणि दुसरी बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

हे हलवल्याचं गृहीतक आलं कुठून? नॉर्मन गथकेल्च नावाच्या ब्रिटिश न्यूरोसर्जनने १९७१ साली लेख लिहिला की डोक्याला बाहेरून खूण नसतानाही हिसक्याने असा रक्तस्राव होऊ शकेल. त्याचा हेतू पालकांना सावध करण्याचा होता. पुढे ‘आवरणाखाली रक्त, डोळ्याच्या पडद्यावर रक्त, मेंदू सुजलेला, ही तीन दिसली की बाळाला हलवलंच’ असं समीकरण कोर्टांत रूढ झालं आणि शेवटचं जवळ असलेलं माणूस आत गेलं. म्हातारपणी खुद्द गथकेल्च याविरुद्ध बोलले. स्वीडनच्या सरकारी मूल्यमापन संस्थेने २०१६ मध्ये अहवाल दिला की या त्रिकुटावरून हलवल्याचं सिद्ध करायला शास्त्रीय पुरावा अपुरा आहे. टेक्ससमध्ये एका बापाची फाशी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऐनवेळी थांबली, त्याची शिक्षा २००३ ची आणि खटला याच निदानावर उभा.

डॉक्टरांना माझा प्रश्न असा. तुमचं निदान चुकलं तर त्या आईबापाचं काय?

———

वारणाकाठ

@निळा_पतंग, रास्त प्रश्न आहे आणि त्याला टाळून हा विषय शिकवता येत नाही.

या कथेची सुरुवात गथकेल्चपेक्षा जुनी आहे. जॉन कॅफी या अमेरिकन रेडिऑलॉजिस्टने १९४६ मध्ये सहा बाळांवर लिहिलं. मेंदूभोवती जुनं रक्त आणि हातापायांची मोडलेली हाडं, आणि हाडं मोडण्याजोग्या इजेची हकीकत कुणाकडेच नाही. १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवरचा लेख लिहिला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी हे मान्य करायला सुरुवात केली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००९ पासून निदानाच्या नावातून ‘हलवणं’ काढून टाकलं, कारण डॉक्टर इजा पाहतो, ती कशी केली ते नेहमी सांगू शकत नाही.

फक्त तीन गोष्टींवर कुणाला तुरुंगात धाडणं चूक, याबद्दल वाद नाही. पण स्वीडनचा अहवाल त्या तीन गोष्टींपुरता आहे. त्याचा अर्थ ‘हलवल्याने इजा होत नाही’ असा काढणंही चूक. २०१८ मध्ये अनेक देशांच्या बालरोग आणि रेडिऑलॉजी संघटनांनी एकत्र निवेदन काढून तेच म्हटलं. प्रत्यक्षात निदान हकीकत, अंगावरच्या खुणा, हाडं, डोळे, रक्ताच्या तपासण्या, मागचे कागद हे सगळं शेजारी ठेवून होतं.

डोळ्यांचं उदाहरण घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्या एक-दोन दिवसांत पडदा बघायचा असतो. साध्या जन्मानंतरही कित्येक बाळांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके असतात, बहुतेक महिन्याभरात जातात. पडण्याने किंवा इतर आजाराने असतील तर थोडे आणि मागच्या मध्यभागी. मोजता येणार नाहीत इतके, पडद्याच्या अनेक थरांत, थेट कडेपर्यंत पसरलेले, हे चित्र वेगळं आहे. ‘रक्त आहे’ एवढं लिहिणारा रिपोर्ट दोन्ही बाजूंना निरुपयोगी. किती, कुठे, कोणत्या थरात, हे लिहून आणि जमलं तर फोटो काढून ठेवायला हवं.

तसंच मेंदूभोवतीच्या रक्ताचं. लक्षणं नसलेल्या नवजात बाळांचे एमआरआय काढले तर जवळपास निम्म्यांत जन्मावेळचा पातळ थर सापडतो. तो तीन महिन्यांपर्यंत जातो. ग्लुटारिक अॅसिडुरिया नावाचा चयापचयाचा विकार आहे, त्यात डोकं मोठं असतं आणि रक्तस्राव होतो. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार), ठिसूळ हाडांचा आजार, मेंदूच्या शिरेतली गुठळी, मेंदूज्वर, हे सगळं तपासून बाजूला काढावं लागतं. ते न करता बोट दाखवणारा डॉक्टर आणि काहीच न बघता ‘गॅस्ट्रो’ लिहिणारा डॉक्टर, दोघांचा आळस सारखाच.

———

कोरा_कागद

याला जोडून आमच्या घरचं सांगते. भाचा सहा आठवड्यांचा असताना अचानक दूध सोडलं, कण्हायला लागला, मग आकडी. सीटीत रक्त. त्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझ्या बहिणीला विचारलं, ‘कोणी आपटलं याला?’ ती तिथेच बसली खाली. दुसऱ्या दिवशी रक्त न गोठण्याचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन के कमी. जन्म घाईत झाला होता आणि ते इंजेक्शन द्यायचं राहून गेलं होतं. भाचा आज शाळेत जातो, डावा हात जरा कमी चालतो. बहीण मात्र अजून त्या रस्त्याने जात नाही.

———

वारणाकाठ

@कोरा_कागद, विचारण्याची ती पद्धत अक्षम्य आहे. असं विचारून खरं उत्तरही मिळत नाही.

आपल्याकडे हा आजार सगळ्यात आधी आठवायला हवा. दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यातलं, फक्त अंगावर पिणारं, जन्मावेळी इंजेक्शन न मिळालेलं बाळ. आईच्या दुधात व्हिटॅमिन के अगदी कमी असतं (दूध थांबवायचं नाही, इंजेक्शन द्यायचं). उशिरा होणाऱ्या या रक्तस्रावात निम्म्याहून अधिक बाळांना तो थेट मेंदूत होतो. कावीळ रेंगाळलेली आणि शी पांढुरकी असेल तर पित्तनलिकेचा दोष शोधा, त्यातही व्हिटॅमिन के शोषलं जात नाही. रक्त गोठायचा वेळ प्रचंड लांबलेला असतो आणि इंजेक्शन दिल्यावर काही तासांत जागेवर येतो. म्हणून आधी रक्त काढायचं, मग लगेच इंजेक्शन द्यायचं. उलट क्रम केला तर पुरावा गेला. मेंदूला मार लागूनही गोठायचा वेळ थोडा लांबतो, त्यामुळे ‘किंचित वाढलाय’ यावरून निष्कर्ष नको.

———

ओला_एप्रन

ग्रामीण रुग्णालयात एमओ (वैद्यकीय अधिकारी) आहे, बॉण्डवर म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर. रात्री दोनला असं बाळ आलं, सोबत मी, एक सिस्टर आणि वॉर्डबॉय. सीटी पन्नास किलोमीटरवर. नक्की काय करायचं आणि काय करायचं नाही? पुस्तकात सगळं आयसीयूचं आहे.

———

वारणाकाठ

@ओला_एप्रन, कारणाचा विचार नंतर. आधी श्वास. मान सरळ रेषेत धरून ठेवा, नाक-तोंड साफ, ऑक्सिजन, श्वास उथळ किंवा थांबत असेल तर बॅग-मास्कने हाताने श्वास द्या. या बाळांचं नुकसान ऑक्सिजन आणि रक्तदाब पडल्यावर दुपटीने होतं, तेवढं सांभाळलंत तर अर्धं काम झालं. साखर तपासा. शीर मिळत नसेल तर नडगीच्या हाडात सुई घाला, वाट बघत बसू नका. सलाईन साधं नॉर्मल सलाईन. नुसतं डेक्स्ट्रोजचं पाणी चढवलं की मेंदू अजून सुजतो. बाळ फिकट असेल तर हिमोग्लोबिन बघा, टाळू उघडी असल्यामुळे तान्ह्या बाळाच्या डोक्यात जीव जाण्याइतकं रक्त साचू शकतं.

झटके चालू असतील तर मिडाझोलॅम किंवा लोराझेपॅम, मग लेव्हेटिरासेटाम किंवा फेनिटॉइन. अंग न हलता, नुसते डोळे एका बाजूला किंवा चघळल्यासारखं तोंड, हेही झटके असतात. रक्ताचा नमुना काढून व्हिटॅमिन के. डोक्याची बाजू तीस अंश वर. एक बाहुली मोठी झाली, नाडी मंदावली, बाळ ताठ होऊ लागलं तर मेंदूवरचा दाब उतरवायला ३ टक्के सलाईन किंवा मॅनिटॉल, आणि ज्या केंद्राला पाठवताय तिथल्या डॉक्टरांना फोनवर ठेवा. टाळू फुगलेली आणि बाळ बेशुद्ध, अशा वेळी पाठीतलं पाणी काढू नका. १०८ ला ‘श्वास द्यावा लागणारं तान्हं बाळ’ असं स्पष्ट सांगा.

रुग्णवाहिका येईपर्यंत बाळाचे सगळे कपडे काढा, लंगोटसुद्धा, आणि डोक्यापासून टाचेपर्यंत बघा. कानामागे, हनुवटीखाली, मांड्यांच्या आत, ओठाच्या आत. कमरेचा करगोटा बाजूला सारून बघा, काजळ-तीट पुसून बघा. मग परत झाका, बाळ गार पडतं.

पुढे मोठ्या केंद्रात काय होतं तेही माहीत असू द्या म्हणजे नातेवाइकांना सांगता येईल. न्यूरोसर्जन गरज असेल तर टाळूतून सुईने किंवा नळीने रक्त काढतात, क्वचित दाब कमी करायला कवटीचा तुकडा काही काळ काढून ठेवतात. बऱ्याच बाळांना शस्त्रक्रिया लागतच नाही. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) लावतात, कारण बाहेरून न दिसणारे झटके चालू राहतात. यकृताची एन्झाइम्स ८० च्या वर असतील तर पोटाचा स्कॅन. आणि घरी सोडल्यावर डोळे, कान, वाढीची हॉर्मोन्स, फिजिओथेरपी यांचा पाठपुरावा कित्येक वर्षं.

———

ओला_एप्रन

खूप उपयोगी. आता अवघड भाग. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करू म्हटलं की नातेवाईक अंगावर येतात, सरपंचांचा फोन येतो. कायद्याने आम्ही बांधील आहोत का?

———

काळा_डगला

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. पॉक्सोखाली लैंगिक गुन्ह्याची खबर देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, मारहाणीला तो कायदा लागत नाही. इथे बाल न्याय अधिनियम, २०१५ बघा. सोबत राहणाऱ्याने ज्याला इजा केली ते मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं, आणि कलम ३१ मध्ये असं मूल बालकल्याण समितीपुढे नेऊ शकणाऱ्यांत डॉक्टर, नर्स आणि रुग्णालयाचं व्यवस्थापन स्पष्ट लिहिलेलं आहे. मूल आयसीयूत असेल तर समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा. मुलांची मदतवाहिनी १०९८ चोवीस तास आहे. क्रौर्याची शिक्षा कलम ७५ खाली, तीन वर्षांपर्यंत, संस्थेत कामाला असलेल्याने केलं तर पाचपर्यंत आणि त्यामुळे मुलाला अपंगत्व आलं तर दहापर्यंत.

नातेवाइकांना सांगायचं वाक्य पाठ करा: ‘डोक्याला मार असलेल्या प्रत्येक बाळाची नोंद करावी लागते, मोटारसायकलवरून पडलेल्याची करतो तशीच.’ एमएलसी म्हणजे आरोप नव्हे.

नोंदीत कोणी सांगितलं, कोणत्या वेळी, हे त्यांच्याच शब्दांत अवतरणचिन्हांत लिहा. ‘संशयास्पद’, ‘खोटं बोलतात’ असले शेरे नकोत. रात्री दोनला आजीने ‘पाळण्यातून पडलं’ म्हटलं आणि सकाळी बापाने ‘पलंगावरून’, तर दोन्ही लिहा, तुमचं मत लिहू नका. आई आणि वडील वेगवेगळे विचारा. डागाचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून.

———

वारणाकाठ

काळा_डगला यांना अनुमोदन. एकच भर. घरात दुसरं लहान मूल असेल तर त्याचीही तपासणी त्याच दिवशी. जुळं असेल तर एक्स-रेसकट. हे कुणालाच सुचत नाही.

———

ओला_एप्रन

धन्यवाद सर्वांना. आमच्या इथे सगळ्या प्रसूतींच्या नोंदवहीत व्हिटॅमिन केचा रकाना आहे, पण आईला मिळणाऱ्या कार्डावर ते लिहिलेलं नसतं, त्यामुळे बाळ दुसरीकडे गेलं की कुणाला पत्ता नाही. सिस्टरशी बोललो, उद्यापासून लसीच्या पानावर लाल पेनने तारीख आणि डोस लिहिणार. डोक्याचा घेरही तिथेच. एक शंका राहिली: कमी वजनाच्या बाळाला डोस किती?

———

वारणाकाठ

एक किलोच्या वर १ मिलिग्रॅम मांडीत, एक किलोच्या खाली अर्धा. टेप कापडी वापरू नका, ती ताणते.